यानं कोणाले खाल्लं?

मुकुटबनवाल्यांनो, क्रूझचे फोटो मांगून राह्यले ना तुम्ही? ते नंतर टाकतो. आधी आजचं आयका.

सकाळी जहाज थायलंडच्या बंदराले लागलं. तिथून बसनं आमाले प्राण्यांच्या बागेत नेलं. बायको, पोरगी, माय आन मी. जहाज सुटाच्या आत परत याचं होतं, म्हून मी सारखा घड्याळ पाहून राह्यलतो.

काचेमागं वाघ होता. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या येरझारा घालून राह्यलता. पोरगी सेल्फी काढे. मायनं पदर सावरला आन हळूच इचारलं, "यानं कोणाले खाल्लं?"

"कोणालेच नाही."

"मंग धरला काहून?"

आपल्याकडं माणूस मारल्याबिगर वाघाले कोणी पिंजऱ्यात टाकत नाही, तुमाले माहीतच हाय. मायच्या हिशोबानं कोंडला म्हंजे गुन्हेगार. मी सांगतलं का तो इथंच जन्मला, लोकाईले पाहाले ठेवला. तिले पटलं नाही. बसवाला हॉर्न वाजवे, पण माय काचेपासून हलेना. शेवटी हात धरून आणली.

आता जहाज निंघालं. माय खोलीत टिकून नाही राह्यली. तवापासून डेकवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून राह्यली.

मी म्हणलं, "बस ना वं माय. चारी बाजूनं पाणी हाय, जाशीन कुठं?"

ती थांबली. म्हणे, "मंग आपण कोणाले खाल्लं, बापा?"

उद्याचा पुरा दिवस समुद्रातच हाय. काय सांगू तिले?