काकांच्या बंद खोलीतली वेबसाइट

सांगतो, पण माझ्या ऑफिसात कुणाला बोलायचं नाही. मी कॉम्प्युटरवाला माणूस, आणि भर दुपारी, सदाशिव पेठेत, मेलेल्या माणसाला गाणं म्हणून दाखवलं!

आमचे काका गाणं शिकवायचे. ते गेल्यावर लंडनच्या शिष्यांनी धोशा लावला, गुरुजींच्या शिकवणीच्या, मध्ये शिष्याला गायला जागा सोडलेल्या कॅसेटी वेबसाइटवर ठेवा. ठेवा म्हणे! एकेका कॅसेटची फाइल अवाढव्य, आणि तेव्हा वेबसाइटला मिळणारी जागा डबीएवढी. मग मी अक्कल लढवली. सगळ्या फायली काकांच्याच कॉम्प्युटरवर भरल्या आणि आकाशवाणीसारखी सोय केली. कॉम्प्युटर रोज आपोआप एक कॅसेट वाजवणार, ती तिकडे वेबसाइटवर ऐकू येणार. त्यांची सकाळची रियाजाची वेळ, म्हणजे आपली दुपार. काकांच्या खोलीला कडी लावली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

काही दिवसांनी काकू फोनवर सहज म्हणाली, "दुपारी ह्यांचा आवाज येतो रे."

मला वाटलं, हिला भास होतायत. एकटी राहते, वय झालेलं. तिच्या मुलीला, बडोद्याच्या शुभाला, कळवलं. ती रडायलाच लागली. ठरलं, काकूला बडोद्याला हलवायचं आणि हे घर बंद करायचं. काकू नको नको म्हणत होती, पण ऐकतो कोण?

तिची बॅग भरायला मीच गेलो. दुपारची वेळ, काकू आत पडलेली, सगळी पेठ चिडीचूप. आणि कडी लावलेल्या खोलीतून तानपुरा सुरू झाला. मग कुणीतरी खाकरलं. काकाच!

"सा लाव."

तुम्ही काय केलं असतं? मी तिथेच पॅसेजमध्ये मांडी घातली आणि सा लावला.

जरा वेळ नुसता तानपुरा. मग दाराआडून, अगदी शांतपणे:

"बेसूर. पुन्हा."

मी पुन्हा लावला हो! डोळे गच्च मिटून. उघडले तर समोर काकू. तिने कडी काढली. आत काळोख, आणि काकांच्या टेबलावर स्पीकरचा हिरवा दिवा. तो बंद करायला मीच विसरलो होतो.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"आवाज येतो म्हणून सांगितलं की. भूत आहे असं मी कधी म्हटलं? माझं डोकं फिरलंय, हे तुम्हीच ठरवलंत."

शरमेनं मला रडूच आलं. शुभाला फोन लावला, बडोदं रद्द केलं. मग स्पीकर बंद करायला हात पुढे केला.

"तो राहू दे चालू," काकू म्हणाली. "तू तेवढा गाऊ नकोस."