कोपऱ्यातलं ‘खाली’

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो, इतका मला त्या प्रकाराचा कंटाळा. पेशाने आर्किटेक्ट, मूळ साताऱ्याचा, बरीच वर्षं लखनौला गोमती नगरमध्ये. हे झालं तेही भर दुपारी... आणि मी एकटा नव्हतो.

सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रोडला लागून एका खासगी विद्यापीठाची इंजिनिअरिंगची इमारत मी डिझाइन केली. तळमजल्यावर मेकर स्पेस, म्हणजे मुलांनी स्वतः कापावं, जोडावं, बिघडवावं असा मोठा हॉल. त्याच्या काचेच्या कोपऱ्यातच जड लेथ मशीन बसवायचं, हा हट्ट माझा. येता-जाता सगळ्यांना काम दिसलं पाहिजे ना!

त्या दिवशी लेथ आलं. कामगार ते पाइपांवरून सरकवत कोपऱ्याकडे आणत होते. विद्यार्थी मोबाइल काढून नेमके तिथेच उभे. मी आणि साइट इंजिनिअर तिवारीजी बाजूला होतो. तेवढ्यात कानाशी कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, “खाली.”

मी खाली बघितलं. नुसती सिमेंटची जमीन.

“नीचे क्या है, तिवारीजी?”

ते माझ्याकडेच बघत होते. “हमें क्या मालूम, सर? आप ही तो बोले, खाली. क्या खाली है?”

“मैं कुछ नहीं बोला.”

“हम भी नहीं बोले.”

आता गंमत बघा. मला ऐकू आलं ते मराठी खाली, म्हणजे तळाशी. त्यांनी ऐकलं हिंदी, म्हणजे रिकामं. दोन्ही अर्थ एकत्र डोक्यात आले: तळाशी रिकामं. मी ओरडून काम थांबवलं, मुलांना बाहेर काढलं. विद्यापीठाचे साहेब वैतागले, “अच्छा, अब अपनी ही डिज़ाइन पर शक है?” मी पहार मागवली.

कोपऱ्यात पहारीने ठोकलं तर आवाज पोकळ. फोडलं तर जुनी विहीर. तोंडावर दगडी फरश्या टाकून वर माती लोटलेली, आत काहीच भरलेलं नाही. एक फरशी मधोमध तडकली होती. बांधकामाआधी माती तपासायला घेतलेली भोकं नेमकी इतरत्र पडली होती. त्या तडकलेल्या फरशीवर लेथ आणि भोवती ती मुलं... भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

घरी मुलीला सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

“पापा, वो मराठी में बोला था या हिंदी में?”

“एकच शब्द होता गं.”

तिवारीजी आजही ठामपणे हिंदी म्हणतात. मला आठवतं ते मराठीच. भास म्हणावा, तर दोघांना एकाच क्षणी कसा?

विहीर भरून घेतली, लेथ दुसरीकडे हलवलं. कोपरा तसाच मोकळा ठेवलाय. सुधारित ड्रॉइंगमध्ये तिथे मी एकच शब्द लिहिला, ‘खाली’. कुठल्या भाषेत, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं, तर मला सांगता येणार नाही.