खांबावरची जोड

उत्तमरावांनी बांबूचं टोक माझ्या भावाच्या छातीला लावलं आणि सगळा जोर करून ढकललं. किसन शिडीवरून मागच्या मागं गेला आणि मोरीच्या दगडावर पडला. पाठोपाठ उत्तमरावही खाली पडले. मी आमच्या ओट्याच्या पायरीवर उभी होते. हातात राखेचं घमेलं होतं, ते ठेवलं की टाकलं ते आठवत नाही. बाकी सगळं आठवतं. ढकलायच्या आधी किसनची मान ताठ झाली होती, एक हात तारेला चिकटला होता, दुसरा लोखंडी खांबाला, आणि तोंड उघडं असून आवाज निघत नव्हता. हे आधी लिहून टाकते, कारण कळंबपासून भवानीनगरपर्यंत लोक फक्त ढकललेलं सांगतात. त्याच्या आधीचं कोणी सांगत नाही.

महिना उलटून गेला. मधे एका पेपरात ‘हॉकीच्या केबलवरून घातपात?’ असं छापून आलं. आमच्या वस्तीतली पोरं येऊन म्हणाली, आक्का, तक्रार द्या, आमी मागं हाय. मी सही केली नाही. त्यावर एकजण बोलून गेला की म्हातारीनं भाऊ विकला. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, चार ओळी झाल्या की उठते, दारापर्यंत जाते, खांबाकडं बघते, परत येते. घरात पाणी भरलेलं असलं तरी परत हंडा उचलते.

किसन माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्याला मीच कडेवर वागवला, आणि तेव्हाही तो कडेवर गप बसला नाही. पुढे पलटणीत गेला. तिथं तारा ओढायचं काम शिकला आणि हॉकी शिकला. गोलकीपर होता. नोकरी संपवून परत आला तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि पक्कड, पाने, तारेची भेंडोळी जास्त. त्याचं लग्न झालं होतं. बायको दोन वर्षं राहिली आणि माहेरी गेली ती गेलीच. तिची चूक नव्हती. जेवताना हा माणूस तीनदा उठायचा. कुठं काही लोंबकळताना, वाकडं झालेलं दिसलं की त्याला चैन पडत नसे. माझ्या घरातली कपड्यांची दोरीसुद्धा तो येता-जाता ओढून बांधायचा, आणि मला हात पुरायचा नाही इतकी उंच करून ठेवायचा. मी शिव्या द्यायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मग त्याने आमच्या पत्र्यावर ती मोठी छत्री बसवली आणि वस्तीत केबल आणली. सुरुवातीला लोकांना हे वेड वाटलं. नंतर संध्याकाळी सगळी वस्ती टीव्हीपुढं. तेव्हा आभाळातून रोज नवीन चॅनल येत होते आणि काही चॅनल वेगळे पैसे भरून घ्यायच्या पेटीशिवाय दिसायचे नाहीत. एकदा आपल्या देशाची हॉकीची मोठी मॅच होती. किसनने आठवडाभर सगळ्यांना सांगून ठेवलेलं. पलटणीतून आलेली जुनी माणसं धुतलेले कपडे घालून येऊन बसली. आणि मॅच नेमकी त्या पेटीच्या चॅनलवर. सरकारी वाहिनीवर शेतीचा कार्यक्रम चालू. किसन तसाच मोटरसायकल काढून बारामतीला पळाला, कुणाकडून तरी पेटी मागून आणली, जोडली, तेव्हा पडद्यावर दोन माणसं कोट घालून मॅच कशी झाली त्याबद्दल बोलत होती. लोक उठून गेलेले. तो त्या दोन माणसांकडं बघत उभाच राहिला.

“आपल्या देशाची मॅच आन् आपल्याला दिसत न्हाय?” मी विचारलं.

“मॅच कुणाची हाय त्याला किंमत न्हाय आक्का. दाखवायचा हक्क कुणी घेतला त्याला हाय. वर मोठ्या चॅनलवाल्यांची त्यावरनं मारामारी चाललीय. एक म्हनतो मी जास्त देतो, दुसरा म्हनतो मी त्याच्यावर देतो. खेळणारा खाली पळतोय.”

“मग तू काय देनार?”

“मी? मी आपली मॅच आपल्या तारेवर आणनार.”

आपली मॅच म्हणजे आमच्या मंडळाची स्पर्धा. पलटणीतून परतलेल्या माणसांनी ती सुरू केली होती, बाजाराच्या मागच्या मुरमाड मैदानावर. आधी घरचीच पोरं खेळायची. मग बाहेरचे संघ यायला लागले, पुण्याहून पैसे घेऊन खेळणारे खेळाडू आणायला लागले, आणि गर्दी वाढली. मंडळाचे अध्यक्ष तात्या, किसनच्याच पलटणीतले. किसनने लग्नाचं शूटिंग करणारा एक माणूस धरला, त्याच्या कॅमेऱ्यापासून आमच्या घरापर्यंत तार ओढली आणि स्पर्धा वस्तीतल्या टीव्हीवर दिसायला लागली. मधे मधे तो स्वतःच बोलायचा. “ह्यो आपल्या सखूबाईचा नातू, पळतोय बघा, सकाळी भाकरी खाल्ली न्हाय वाटतं.” सखूबाई अंथरुणाला खिळलेली. ती पडद्यापुढं बोट नाचवायची.

उत्तमराव ह्यात आले ते नारळ घेऊन. भवानीनगरचे बागायतदार, तिथं त्यांची केबल जोरात. कळंबच्या गावठाणात त्यांनी केबलसाठी नवीन खोली घेतली, मळ्यामळ्यांत तारा नेल्या, फक्त कॅनॉलच्या अलीकडं आमच्या वस्तीत तार आणली नाही. तिथं किसनची आहे, असं कारण सांगायचे. ते एक दिवस तात्यांच्या घरी आले, नारळ-सुपारी पुढं ठेवली, म्हणाले, यंदा स्पर्धा आमच्याकडं. तात्यांनी चहा पाजला, बघू म्हणाले, नारळ आत पाठवला. उत्तमरावांच्या हिशेबी काम ठरलं. त्यांच्यात बँड ठरवायचा असो की पाहुणा, सुपारी घेतली म्हणजे शब्द झाला. स्पर्धेच्या दिवशी ते टेम्पोभर माणसं आणि कॅमेरा घेऊन मैदानावर हजर. तिथं किसनचा कॅमेरा आधीच उभा.

“तात्या, सुपारी घेतली व्हती तुमी.”

“सुपारी व्हय? ती बायकांनी कातरून खाल्ली.”

“आन् नारळ?”

“खेळाडूंच्या मटणाच्या वाटणात गेला. उत्तमराव, आमी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून नारळ फोडायचं बंद केलंय, खायचं न्हाय.”

मैदानभर हसू फुटलं. उत्तमराव हसले नाहीत. परतही गेले नाहीत. त्यांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरा लावला. आता किसनचा कॅमेरा ह्या गोलाजवळ, त्यांचा त्या गोलाजवळ, आणि मधला चेंडू कोणालाच धड दिसेना. आम्ही आमच्या टीव्हीसमोर बसलेलो, पडद्यावर रिकामा गोल आणि त्याच्यापुढं पेंगणारा गोलकीपर, आणि कॅनॉलपलीकडून आरडाओरडा ऐकू यायचा, म्हणजे तिकडं गोल झाला. आमच्याकडं झाला की तिकडचे उपाशी. पोरं कॅनॉलच्या पुलावरून ह्या घरातून त्या घरात पळत होती. एक मॅच पाहायला दोन टीव्ही आणि एक पूल लागायचा.

तिथून ते दरवर्षीचं झालं. उत्तमरावांनी मंडळाला बूट दिले. किसनने गोलकीपरचे पॅड आणले, जुने, स्वतः शिवून. उत्तमरावांनी मैदानाला दिवे लावून द्यायचं कबूल केलं. किसनकडं दिव्यांना उत्तर नव्हतं, मग तो तात्यांना पलटणीतल्या आठवणी काढून दाखवायचा. मधे एकदा आमची तार कापली गेली. आठवडाभरात त्यांचीही कापली गेली. दोन्ही कोणी कापल्या ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही, पण किसन काही गाय नव्हता एवढं लिहिते. मेला म्हणून त्याला देव करायचा नाही. रागीट होता, हाती घेतलेलं काम अर्धं टाकून दुसऱ्याला लागायचा, आणि उत्तमरावांचं नाव निघालं की ताटातलं अन्न सोडून बोलत राहायचा. पण एक आहे. समोर आले की दोघं बोलायचे. ते ह्याला मेजर म्हणायचे. हा मेजर नव्हता. दुरुस्त मात्र कधी केलं नाही.

यंदा तात्या आमच्याकडं आले आणि पाट न घेता उभ्याउभ्याच म्हणाले, “किसन, मंडळातल्या पोरांचं मत हाय, यंदा मॅच एकट्या उत्तमरावांनीच दाखवावी. दिवे लागत्यात, नाव व्हतं. मी एकटा किती दिवस धरू?”

किसन पक्कड उघडत मिटत बसला. मला वाटलं, आता भांडण करणार. तो उठला, चपला घातल्या आणि थेट पूल ओलांडून उत्तमरावांच्या खोलीवर गेला. मीही गेले मागोमाग. हा हात उगारेल ही भीती होती, खोटं कशाला सांगू…

“हक्क तुमी घ्या,” तो दारातूनच म्हणाला. “पर वस्तीत मॅच दिसली पायजे.”

“तुमच्या वस्तीत माझं गिऱ्हाईक न्हाय, मेजर.”

“म्हनून तर आलोय. तुमची तार माझ्या तारेला जोडा. चित्र तुमचं, गिऱ्हाईक माझं.”

“म्हंजे म्या बूट द्यायचे, दिवे द्यायचे, आन् तुमी घरात बसून दाखवायचं? फुकट?”

“संघातली निम्मी पोरं वस्तीतली. त्यांच्या आया हितं ऱ्हात्यात. त्यांच्याकडनं तिकीट घ्या, जावा. सखूबाईपासनं सुरुवात करा.”

उत्तमराव उठून दारापर्यंत आले. मग हसले. त्या नारळाच्या दिवशी जे हसायचं राहिलं होतं ते तेव्हा हसले असं मला वाटलं. म्हणाले, “तुमची जोड चांगली असती म्हनत्यात. तुमीच जोडा. तार मी घेऊन येतो.”

फायनलच्या दिवशी सकाळी ते स्वतः आले. दोन्ही हद्दींमधला खांब म्हणजे आमच्या ओट्यासमोरचा. खांद्यावर तारेचं भेंडोळं आणि तार रस्त्यावरून उचलायचा बांबू. किसन शिडीवर चढला. उत्तमराव खालून बांबूने तार उचलून देत होते आणि वर बघून बोलत होते, आज कोण जिंकणार, कोणाचा गोलकीपर कच्चा. किसनने जोड केली, वर काळी टेप गुंडाळली, पाणी जाऊ नये म्हणून कापलेली प्लास्टिकची बाटली त्यावर बसवली. ही त्याची जुनी पद्धत. काम झालं होतं. आत टीव्ही लावून मी बघितलं, मैदानावर पाणी मारत होते ते दिसलं. बाहेर येऊन सांगितलं, दिसतंय, उतर.

तो उतरला नाही. मधे तारेला झोळ राहिला होता.

“ऱ्हाऊ दे की,” मी म्हणाले.

“एवढी वढून घेतो आक्का. गाडी अडकंल.”

“मेजर, ऱ्हाऊ द्या,” उत्तमरावही म्हणाले. हे त्यांनी म्हटलं. मी ऐकलं.

त्याने ओढली. तार वर उचलली गेली आणि पलीकडं बाभळीच्या आड विजेच्या तारेला टेकली. ते आम्हाला कोणालाच दिसत नव्हतं. मग ते झालं, जे वर लिहिलं आहे. उत्तमरावांनी हाताने शिडी धरली नाही, पळून गेले नाहीत, ओरडत बसले नाहीत. जवळ होता तो बांबू उचलला आणि त्याला तारेपासून सोडवला. बांबू पुरता वाळलेला नव्हता. त्यांचा उजवा हात भाजला आणि तेही फेकले गेले. मी दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं, शॉकने गेला का पडून? ते म्हणाले, बाई, दोन्ही धरा. मी दोन्ही धरलं आहे. त्यात तिसरं कोणाला घालता येणार नाही. पोलिसांना हेच सांगितलं. तात्या म्हणाले, आक्का, पोरं चिडल्याती, थोडे दिवस गप बस. मी म्हणाले, तात्या, तिथं तुमी नव्हता, पोरं नव्हती. मी व्हते.

फायनल त्या दिवशी झाली नाही. नंतर पुढच्या पंधरवड्यात घेतली. उत्तमरावांनी दाखवली आणि ती वस्तीत घरोघरी दिसली. मी टीव्ही लावला, पण मला काही तासभर एका जागी बसवलं नाही. सखूबाईकडं जाऊन आले. ती पडद्यापुढं बोट नाचवत होती. विचारत होती, किसन आज बोलत कसा न्हाय? तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिचं बोट खाली आलं, मग परत पडद्याकडं बघायला लागली.

मागच्या आठवड्यात उत्तमराव आले. इतक्या वर्षांत आमच्या ओट्यावर कधी टेकले नव्हते, त्या दिवशी टेकले. हाताला पट्टी होती, चहाचा कप डाव्या हातात धरला. खांबाकडं बघून म्हणाले, “आक्का, बाटलीला चीर गेलीय. पावसाच्या आत माणूस पाठवून जोड बदलून घेऊ का?”

“बाटली बदला. जोडीला हात लावू नका.”

“बरं,” म्हणाले. कप खाली ठेवून म्हणाले, “लोक मला…”

“मला माहीत हाय लोक काय म्हनत्यात. चहा प्या.”

ते गेल्यावर मी कपड्यांची दोरी सोडली आणि माझा हात पुरेल इतकी खाली बांधली. ती मधे लोंबते. खांबावरची तार मात्र त्याने ओढली तशी राहिलेली नाही. विजेची माणसं येऊन ती सैल करून गेली, आता तिलाही झोळ आहे, आणि त्या झोळातून चित्र स्वच्छ येतं. येता-जाता मान वर होते. मग नजर मोरीच्या दगडाकडं जाते. तिथं दोन माणसं पडली होती. एक माझा भाऊ किसन, तो उठला नाही. दुसरे उत्तमराव. ते जगले.