रिझर्व्हला लागलेलं यान

ऑफिसातल्या मित्रानं मला अंतराळयान चालवायचा गेम दिला, तेव्हा एकच गोष्ट बजावली होती, "लई लांब जाऊ नको. अर्धं इंधन संपलं की माघारी फिर." मी हसलो. माझी जुनी मोटरसायकल रिझर्व्हला लागल्यावरही सोलापुरातून कुंभारीला घरी पोचते. बंदच पडली तर जरा आडवी करायची, टाकीच्या तळाचं पेट्रोल सरकतं आणि ती परत चालू होते. मला कोण शिकवतंय!

रविवारी दुपारी मी शनी मागे टाकला. सूर्य ठिपक्याएवढा झाला. काटा शून्यावर आला आणि इंजिनाचा आवाज गेला. मी खरंच यान डावीकडे कलंडवून पाहिलं. काही झालं नाही.

मग लक्षात आलं, यान थांबतच नव्हतं. इंधन संपलेलं, ब्रेक नाही, आणि वेगाचा आकडा जराही उतरत नव्हता. रस्त्यावर गाडी बंद पडली की माणूस उतरतो, ढकलतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतो. इथं पुढं नुसता काळोख होता आणि मी त्यात चाललोच होतो. स्वयंपाकघरातून बायकोनं चहाला हाक मारली, तरी मी त्या वेगाच्या आकड्याकडेच बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी कुंभारीच्या अलीकडे मोटरसायकल बंद पडली. एरवी मी तिला शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले आणि ती खरंच थांबलीय ना, हे खाली वाकून पाहिलं.