दोरीच्या दुसऱ्या टोकाला सार्जंट क्वाबेना

ज्या माणसाला मी दोन महिने बेशिस्त म्हणत होतो, तो परवा गेला.

सार्जंट क्वाबेना. इथून हजारो मैल लांब, स्वतःच्या घरी, झोपेतच.

काल सकाळी केबिन रोडला भाजी घेत होतो, तेव्हा त्याच्या मुलीचा मेसेज आला. हातातली मेथी हातातच राहिली.

भाजीवाला म्हणाला, "अंकल, लेना है क्या?"

बायको म्हणाली, "अहो, काय झालं? असे काय उभे राहिलात?"

तिथे मला सांगताच येईना. म्हणून इथे लिहितोय.

फौजेत असताना मी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेलो होतो. मी हवालदार, हाताखाली दहा जवान. शेजारच्या तंबूंत दुसऱ्या एका देशाची तुकडी, आणि तिचा सार्जंट हा क्वाबेना.

आमचे बूट चकाचक, हजेरी मिनिटाला मिनिट. हा बाबा मात्र शर्टाची बटणं उघडी टाकून जवानांबरोबर एकाच पातेल्यातून जेवायचा, वर गाणी म्हणायचा. मी आमच्या पोरांना म्हणायचो, "ये फौज है या पिकनिक?"

तिकडे ते आम्हाला हसायचे. इंडियन्स शिंकायलासुद्धा परवानगी मागतात म्हणे.

अगदीच खोटं नव्हतं ते.

मग एका दुपारी नदीला वरून पाणी आलं आणि मधोमध एक ट्रक अडकला. टपावर अकरा माणसं, त्यात बायकाच जास्त.

आमची चौकी काठावरच होती. पण हुकुमाशिवाय चौकी सोडायची नाही, हा नियम. मी वायरलेसवर कॅप्टनसाहेबांना हाका मारतोय, आणि पलीकडून नुसती खरखर.

क्वाबेना दोन जवानांसोबत गस्तीवरून परत येत होता. त्याने कुणालाच विचारलं नाही. दोरीचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं कमरेला.

मी ओरडलो, "सार्जंट, वेट! नो ऑर्डर!"

"माय फ्रेंड, द रिव्हर इज नॉट वेटिंग," म्हणाला, आणि उतरला पाण्यात. पाठोपाठ त्याचे दोघे.

थोड्या वेळाने त्या झाडाची मुळं सुटायला लागली. त्याला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी कुणाला विचारलं नाही. वायरलेस ठेवला, चार जवान घेतले आणि दोरी धरली. दीड तास. तळहातांची सालटी निघाली, पण एकानेही पकड सोडली नाही.

अकराच्या अकरा माणसं बाहेर आली.

संध्याकाळी कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "पोस्ट किसके हुकुम से छोड़ी?"

कागदावर लाल शाईची एक नोंद झाली, की बढती कायमची गेली.

तेवढ्यात क्वाबेना पुढे आला. बटणं लावलेली, टाचा जुळवलेल्या.

"माय ऑर्डर, सर. आय टूक हिज मेन."

धडधडीत खोटं. आणि मी गप्प राहिलो.

नंतर त्याला विचारलं, का बोललास असं? तो हसला. म्हणाला, "पाण्यातून मागे वळून पाहिलं, तर दोरीवर पाच इंडियन. मग मी परत वळून पाहिलंच नाही. माझी पोरं शूर आहेत, पण दीड तास दोरी धरून? मध्येच भांडत बसली असती."

आणि मग म्हणाला, "तू एकदाच स्वतःच्या मनाने काहीतरी केलंस. त्याची शिक्षा कशी होऊ देऊ?"

पंधरा दिवसांनी तो मायदेशी गेला. मला वाटलं, मुदत संपली असेल.

काल त्याच्या मुलीने लिहिलंय, दुसऱ्या देशाच्या जवानांना हुकूम दिला म्हणून पप्पांना परत पाठवलं. पुढे बढती मिळालीच नाही, सार्जंट म्हणूनच रिटायर झाले. पण तुमच्याबद्दल नेहमी प्रेमाने बोलायचे.

म्हणजे घरीसुद्धा त्याने खरं सांगितलं नाही.

मी सुभेदार होऊन रिटायर झालो. नवघरला आमच्या दारावर तशी पाटी आहे. खाली वॉचमनपासून सगळे "सुभेदार साहेब" म्हणतात.

काल घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. "इतकी वर्षं मलासुद्धा नाही बोललात?" मग माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आता त्या मुलीला तरी लिहा."

लिहिलं. "बेटा, तुझ्या वडिलांनी मला कसलाही हुकूम दिला नव्हता. मी स्वतःहून गेलो. हे मी त्याच संध्याकाळी बोलायला हवं होतं."

आज तेच इथे सगळ्यांसमोर सांगतोय.

सार्जंट, तुझे फार फार उपकार आहेत. माझ्या नावाआधीचं ते पद तू मिळवून दिलेलं आहे.

तुला अखेरचा सॅल्यूट. भरल्या मनाने निरोप.