ओटुम्वाची पोर युटात कशाला?

वर्ना स्कोगेन आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. लग्नाला सोळा वर्षं झालेली, मूल नाही. त्यातली आठ वर्षं ती आणि तिचा नवरा आर्लन दत्तक मुलासाठी ताटकळत होते. २०११ च्या उन्हाळ्यात एका दत्तक संस्थेने कळवलं, शायला नावाची एकोणीस वर्षांची गरोदर मुलगी आपलं बाळ तुम्हाला द्यायला तयार आहे. मुलगी ओटुम्वाची. म्हणजे आमच्याच आयोवा राज्यातली, गाडीने तीन तासांवरची. फक्त बाळंतपण दूरच्या युटा राज्यात होणार होतं. संस्थेने तिला आधीच तिकडे नेऊन ठेवलं होतं.

हे काही वर्नाच्या पचनी पडेना. मी गावचं ग्रंथालय सांभाळते, म्हणून ती माझ्याकडे आली. दोन्ही राज्यांचे कायदे मी तिला काढून दिले. शाळेला सुट्टी होती. तीन दिवस ती कोपऱ्यातल्या टेबलावर बसून वाचत होती. आमच्याकडे बाळ तीन दिवसांचं होईपर्यंत आईची सही घेता येत नाही, आणि सही केल्यावरही तिला चार दिवस मन बदलता येतं. युटात चोवीस तासांनी सही चालत होती, आणि सही झाली की विषय संपला.

वर्नाची मान लालबुंद झाली. तिने तिथूनच संस्थेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी समजावलं, की हे तुमच्याच भल्याचं आहे, आई मागे फिरायची भीती नाही, आणि सगळं कायदेशीर आहे.

"कायद्याने दार उघडं ठेवलं म्हणून आत शिरणारा पाहुणा ठरत नाही," वर्ना म्हणाली आणि तिने फोन आपटला.

आर्लनने बाळाची खोली रंगवूनही टाकली होती. "त्या पोरीला काही सांगू नकोस," तो म्हणाला. "तिची ती द्यायला तयार आहे ना?"

"तयार असेल तर इथेही देईल. आठवडाभराने देईल."

तो उठून गॅरेजमध्ये गेला.

रविवारी शायलाचा ठरलेला फोन आला तेव्हा वर्नाने तिला दोन्ही कायदे वाचून दाखवले. परतीचं तिकीट सही केल्यावरच मिळेल, असं संस्थेने शायलाला सांगितलेलं होतं. शायलाने विचारलं,

"तुम्हाला बाळ नकोय का?"

"हवंय गं. पण तुला कोंडून घेतलेलं नकोय."

वर्ना दोन दिवस गाडी हाकत गेली आणि तिला ओटुम्वाला तिच्या घरी घेऊन आली. संस्थेने स्कोगेन दांपत्याचं नाव यादीतून काढून टाकलं. शायला मात्र अजूनही बाळ त्यांनाच द्यायचं म्हणत होती.

सप्टेंबरात ओटुम्वाला मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी शायलाने रडत फोन केला, की बाळ देणं माझ्याच्याने नाही होणार. "बरं," वर्ना म्हणाली. त्या संध्याकाळी आर्लनने पाळणा खोलून ठेवला. महिनाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. एकदा जेवताना म्हणाला, "तू वाचलंच नसतंस तर आज घरात बाळ असतं."

"असतं," ती म्हणाली आणि बटाटे पुढे सरकवले. ती रडली ती माझ्यासमोर, ग्रंथालय बंद करताना, आणि तेही दात-ओठ खात.

त्या संस्थेचं हसऱ्या बाळाचं पत्रक अजून आमच्या चर्चच्या फलकावर लागतं. वर्ना दर वेळी ते फाडते, सगळ्यांदेखत.