बेहरूझ आणि न पडलेले बॉम्ब

“बॉम्ब! अहो बाई, बॉम्ब पडणार आहेत, बॉम्ब! ती बॅग पट्ट्यावर घेऊ नका!”

फ्रँकफर्टच्या विमानतळावर, तेहरानला जाणाऱ्या विमानाच्या काउंटरपुढे, माझा मित्र बेहरूझ हे अस्खलित जर्मनमध्ये आणि शिराझी आवाजात ओरडत होता. शिराझी आवाज म्हणजे काय, तर आमच्याकडे नदीच्या या काठावरून पलीकडच्या काठावरच्या म्हशीला हाक मारतात ना, तो. तेव्हा दिवस असे होते की विमानतळावर कुणी मोठी शॅम्पूची बाटली काढली तरी आजूबाजूचे लोक दोन पावलं मागे सरकत. आणि इथे एक दाढीवाला इराणी गृहस्थ ‘बॉम्ब’ हा एकच शब्द माळ ओढल्यासारखा जपत होता. रांग अशी पांगली, की मला वाटतं त्यातले काही लोक अजून परत आलेले नाहीत. काउंटरवरच्या मुलीचा हात टेबलाखालच्या बटणाकडे गेला. ज्या बॅगेवरून हे रामायण चाललं होतं, तिच्यावर बेहरूझची ऐंशीच्या घरातली आई, परवीन खानुम, शांतपणे बसली होती, आणि माझी बायको सुलभा माझ्या कानाशी म्हणत होती, “अहो, त्यांना आवरा. नाहीतर आपण चौघं आज जेवायला तुरुंगात.”

बेहरूझ गेला, त्याला आता दीडेक महिना होईल. दुपारची डुलकी घेताना खुर्चीतच गेला. समोर टीव्ही चालू होता आणि अर्थातच बातम्या लागलेल्या होत्या. निरोप घेऊन आमचे हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ, जिना चढून आले. पायरीवरची सायकल किंवा तडकलेली काच, यापलीकडे हा माणूस कधी कुणाच्या दारात आला नव्हता. त्या दिवशी टोपी हातात घेऊन उभा राहिला, तेव्हाच मला कळलं… तरी आज बेहरूझविषयी लिहायला बसलो तर डोळ्यांपुढे ती खुर्ची येत नाही, तो विमानतळच येतो. त्याचं माझ्यावर आणखी ऋण कोणतं असेल ते असो, पण इतक्या मोठ्यांदा हसवून रडवणारा माणूस मला आमच्या या जर्मन गावात, एर्लांगेनमध्ये, दुसरा भेटला नाही.

आम्ही एकाच कंपनीत होतो. तो क्ष-किरणांच्या यंत्रांची चाचणी करायचा, मी त्याच्या चाचण्यांवर अहवाल लिहायचो. राहायला एकाच इमारतीत, तो आमच्या बरोबर डोक्यावर. पहिल्यांदा घरी आला तेव्हा सुलभाने पोह्यांची बशी पुढे केली. तो म्हणाला, “नको.” ती म्हणाली, “असं कसं, घ्याच.” तो म्हणाला, “खरंच नको.” ती म्हणाली, “थोडे तरी!” आणि या गृहस्थाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आम्ही घाबरलो, मिरची जास्त पडली म्हणावं तर याने अजून घासही घेतलेला नव्हता. मग त्याने खुलासा केला. त्यांच्यात एक रीत आहे, तारोफ म्हणतात तिला. समोरच्याने काही देऊ केलं की पाहुण्याने नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग, काय करणार तुमचं मन कसं मोडू, असा चेहरा करून घ्यायचं. विद्यार्थी म्हणून जर्मनीत आला, तेव्हा घरमालकिणीने विचारलं, “केक घेणार?” याने खानदानी वळणाप्रमाणे नको म्हटलं आणि त्या बाईने केक उचलून कपाटात ठेवला. “त्या केकची पाठ मी अजून विसरलो नाही,” बेहरूझ म्हणायचा. “पहिल्या हिवाळ्यात मी केवळ सभ्यपणामुळे उपाशी राहिलो.” पुढे त्याने सगळ्या एर्लांगेनमध्ये जाहीर केलं, की या देशात आग्रह करणारं एकच घर आहे आणि ते त्याच्या पायाखाली आहे. त्यानंतर आमच्याकडे पोहे कधीही उरले नाहीत.

आता त्याच्या भीतीविषयी. माणूस तसा धीट. हिवाळ्यात बर्फावरून एका हाताने सायकल हाकत, दुसऱ्या हाताने सफरचंद खात जाणारा. पण मनात एक गोष्ट घर करून बसली होती. तो शिराझहून निघाला तेव्हा इराकशी लढाई चालू होती. लष्करातली सेवा टाळून आला होता, त्यामुळे परत जायची सोय उरली नव्हती. आई तिकडे, हा इकडे. शेजारच्या इराकवर नव्याने बॉम्ब पडले, आणि मग ‘आता नंबर इराणचा’ असं रोज कुणी ना कुणी टीव्हीवर बोलायला लागलं, तेव्हापासून बेहरूझची झोप गेली. चार भाषांतल्या बातम्या एकाच वेळी लावायचा. तेलाचा भाव चढला की याचं रक्तदाब मोजायचं यंत्र बाहेर. एखादी विमानवाहू नौका आखातात हलली, तर ती तिच्या कप्तानाआधी बेहरूझला कळायची. आणि एका वसंतात, जेव्हा सगळे तज्ज्ञ म्हणाले की हल्ला आता होणारच, तेव्हा याने एर्लांगेनमधल्या स्वतःच्या घराच्या खिडक्यांना आतून चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. इराकच्या त्या लढाईत त्याच्या आईने तशा मारल्या होत्या, म्हणजे धमाक्याने काच फुटली तरी अंगावर उडत नाही. हाउसमाइस्टरांनी खालून पाहिलं आणि वर येऊन विचारलं, “काच तडकली का?”

“अजून नाही,” बेहरूझ म्हणाला.

हाउसमाइस्टर म्हणाले, “आल्झो,” म्हणजे बरं तर, “मग तडकली की कळवा,” आणि गेले.

या भीतीत त्याला स्वतःच्या लोकांचीही धड सोबत नव्हती. तिकडचे राज्यकर्ते त्याला नको होते, पण त्यांना घालवायला आकाशातून बॉम्ब पडावेत हेही नको होतं. न्युरेम्बर्गच्या चौकात इराण्यांची निदर्शनं व्हायची. हा फलकाच्या एका बाजूला राज्यकर्त्यांविरुद्ध लिहायचा, दुसऱ्या बाजूला हल्ल्याविरुद्ध, आणि मधे उभा राहून फलक फिरवत राहायचा, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या समसमान मिळत. एकदा मी सोबत होतो. रेशमी गळपट्टा घातलेले एक देशबांधव त्याला समजावू लागले, “बेहरूझ-जान, चार दिवस बॉम्ब पडतील, मग कायमचं स्वातंत्र्य!”

बेहरूझने अगदी नम्रपणे विचारलं, “आपल्या मातोश्री कुठे असतात?”

“लॉस एंजेलिसला.”

“मग बरोबर आहे आपलं,” बेहरूझ म्हणाला, आणि परत येताना गाडीत एकदम मला म्हणाला, “वरून पायलटला कसं कळणार रे, कोण सरकार आणि कोण माझी आई?”



तर उपाय एकच, आईला इकडे आणणं. दर आठवड्याला तो फोन करायचा, ये म्हणायचा, आणि ती गोडव्याने म्हणायची, “चश्म.” म्हणजे तुझी आज्ञा माझ्या डोळ्यांवर. सुलभा खूश, “अहो, येणार म्हणाल्या की!” बेहरूझ कपाळाला हात लावायचा. “सुलभा-खानुम, चश्म म्हणजे येणार नाही. माझी आई गेली कित्येक वर्षं चश्म म्हणते आहे.” सुलभाला हे पटेना. माझी बायको साताऱ्याकडची. पंगतीत पानावर हात आडवा धरलेल्या माणसाच्या बोटांच्या फटीतून जिलबी घालणाऱ्या घराण्यातली. तिने फोन हातात घेतला. एक मराठी, एक फारसी, मधे दुभाषा बेहरूझ. सुलभा म्हणाली, या. पलीकडून, तुम्हाला कशाला त्रास. सुलभा म्हणाली, या हो. पलीकडून, तुमचे उपकार. सुलभा म्हणाली, आलंच पाहिजे. पलीकडून, चश्म. इथे कुठलाही इराणी माणूस समाधानाने फोन ठेवतो, कारण तीन वेळा झालं, दोन्ही घरांची अब्रू राहिली, आणि कुणाला कुठेही जायचं नाही. पण सातारकर तीनवर थांबत नाहीत. ही चौथ्यांदा म्हणाली, “ते चश्म-बिश्म राहू द्या आजी, कुठल्या तारखेला येताय ते सांगा, मी खोली आवरते.”

बेहरूझ सांगायचा, की शिराझच्या इतिहासात चौथ्या आग्रहाची ही पहिलीच नोंद असावी, आणि त्यावर काय बोलायचं हे त्याच्या आईला कुणी शिकवलेलंच नव्हतं. तिने तारीख सांगितली.

आणि खरंच आली! व्हिसाचं जे महाभारत झालं ते सोडा. थंडीच्या सुरुवातीला परवीन खानुम अवतरल्या, सुकवलेल्या लिंबांची पिशवी घेऊन. त्या हिवाळ्यात आमच्या जिन्याला केशराचा वास यायचा आणि हाउसमाइस्टर दिवसातून तीनदा दिव्याचं बटण तपासायला आमच्याच मजल्यावर येत. खानुम आणि सुलभा दरवाजा, पनीर, चादर, बाजार अशा दोन्हीकडच्या शब्दांवर तासन्‌तास गप्पा मारत. बेहरूझने खिडक्यांवरच्या फुल्या काढल्या. माणूस झोपू लागला, घोरू लागला. छतातून ऐकू यायचं, आणि खरं सांगतो, तो आवाज ऐकून बरं वाटायचं. त्याचा बेत पक्का होता, आईचा मुक्काम वाढवायचा, मग पुन्हा वाढवायचा, मग बघू.

पण मार्च जवळ आला आणि म्हातारीची चुळबुळ सुरू झाली. आपला पाडवा आणि त्यांचा नवरोज पाठोपाठच येतात. नवरोजच्या आधी घर मुळापासून हलवून झाडायचं, गालिचे बाहेर काढून झटकायचे, हा त्यांचा नेम. शिराझमधल्या पुतणीने झाडलं तर? “ती झाडेल. पण झटकणार नाही,” असं खानुमचं मत. नेमक्या त्याच दिवसांत बातम्या पुन्हा तापलेल्या. या वसंतात हल्ला ठरलेला, असं सगळ्या वाहिन्या सांगत होत्या. बेहरूझ गयावया करायचा, रागवायचा, जेवायचा नाही. “वरून बॉम्ब पडणार आणि ही खाली गालिचे झटकणार!”

“मग तर धूळ फारच होईल,” खानुम म्हणायच्या. “आधी झटकलेले बरे.”

म्हणून ते फ्रँकफर्ट. शेवटच्या क्षणापर्यंत त्याला वाटत होतं ती थांबेल, आणि बॅग वजनकाट्यावर ठेवायची पाळी आली तसा त्याचा बांध फुटला. दोन पोलीस धावत आले, हातात बंदुका, वय असेल जेमतेम पंचविशीचं. “कोण बॉम्ब म्हणालं?” सगळी रांग बेहरूझकडे बघते आहे. तो तोंड उघडणार, एवढ्यात खानुम बॅगेवरून उठल्या. त्यांच्या दृष्टीने दोन पोरं इतक्या लांबून धापा टाकत आली होती आणि त्यांना अजून कुणी काही खायला विचारलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून सुलभाने दिलेला डबा काढला आणि उघडला. आत गोल, पिवळे, मुठीएवढे बेसनाचे लाडू.

पोलीस मागे सरकले. “हे काय आहे?”

“लाडू,” सुलभा म्हणाली. तिने हे जर्मनमध्ये कसं सांगावं याचा विचारच केला नाही.

“बेफर्माईद,” खानुम म्हणाल्या, म्हणजे घ्या. पोलीस म्हणाला, नको. त्यांनी डबा आणखी पुढे केला. पोलीस म्हणाला, खरंच नको. त्यांनी डबा बंदुकीच्या नळीपर्यंत नेला. आता दुसऱ्या बाजूने सुलभाही सामील झाली, “अहो घ्या हो, घरचं तूप आहे!” आग्रहाच्या दोन संस्कृतींमध्ये सापडलेला तो जर्मन पोरगा… त्याने एकदा साहेबाच्या खोलीकडे पाहिलं, एकदा डब्याकडे, आणि एक लाडू उचलून तोंडात टाकला. माझ्या आठवणीप्रमाणे त्याने चार खाल्ले आणि दोन टोपीत ठेवले. सुलभाच्या मते एकच, तोही अर्धा. ते जाऊ द्या. बेसन टाळ्याला चिकटल्यामुळे त्याला पुढची चौकशी काही करता येईना, आणि बेहरूझला हसू फुटलं. असा हसला, की पोट धरून जमिनीवर बसला. आणि हसता हसता रडायला लागला, मघाच्या ओरडण्याइतकंच मोठ्यांदा.

खानुम त्याच्याजवळ वाकल्या. काय बोलल्या ते त्याने मला परतीच्या वाटेवर सांगितलं. “तिथे असले की मी माझ्या घरात असते. इथे बसले, तर मीही तुझ्यासारखी टीव्हीपुढे बसून तिकडचं काय होईल म्हणून रडेन. एका घरात असं एक माणूस पुरे, बाळा.” बेहरूझ उठला. दाढी पुसली. आणि ती बॅग, जिच्यासाठी त्याने अख्खा विमानतळ हादरवला होता, ती त्याने स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवली. काउंटरवरच्या मुलीकडे बघून म्हणाला, “जरा जपून. आत नवरोजला मांडायचा आरसा आहे.”

त्या वसंतात हल्ला झाला नाही. पुढच्या वसंतातही नाही. प्रत्येक वेळी बेहरूझ फोन करायचा, ये म्हणायचा, आई चश्म म्हणायची, पण आता हे ऐकून तो कपाळाला हात लावत नसे, नुसता हसायचा. बातम्या मात्र सुटल्या नाहीत. शेवटच्या दुपारपर्यंत.

त्यांच्यात चाळिसाव्या दिवशी माणसं जमून गेलेल्याची आठवण काढतात. त्या दिवशी आम्ही शिराझला फोन लावला. त्यांची पुतणी शीरीन इंग्रजी जाणते, ती मधे होती. मी बोलायला लागलो की आवरत नाही, त्या दिवशीही आवरलं नाही. बेहरूझ किती मोठा माणूस होता, सगळं एर्लांगेन कसं लोटलं होतं, सायकलींची रांग न्युरेम्बर्गपर्यंत कशी गेली होती… आणि शेवटी म्हणालो, “खानुम, इतकी वर्षं तो तुमच्यासाठी घाबरत राहिला. एकसुद्धा बॉम्ब पडला नाही. आणि गेला तोच.” शीरीनने हे सगळं भाषांतर केलं की अर्धंच, कोण जाणे. पलीकडे थोडा वेळ भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. मग खानुम काहीतरी बोलल्या आणि शीरीनने सांगितलं,

“ती म्हणते, हो. आता बातम्या मलाच बघाव्या लागतात.”